वांग्यांचा भाव

माजरीच्या बाजारात आई मला घेऊन संध्याकाळीच जायची. तेव्हा भाव उतरायचे, तिच्या मजुरीत भाजी बसायची. घरची वांगी विकणारी एक बाई मात्र खत महागल्यापासून दिवसभर एकच भाव सांगायची.

“आता तरी उतरव बाई, अंधार पडून राह्यला,” एका संध्याकाळी आई तिला म्हणाली.

“खतवाल्यानं अंधार पाहून मले कमी केलं काय?” पदर खोचत ती हसली. “नाई विकली तर फोडी वाळवून भाजीले खुला करून ठेवीन. उन्हाळ्यात तुमीच मागाले येसान!”

तिनं खरंच टोपलं डोक्यावर घेतलं आणि ताठ मानेनं निघाली.

“थांब वं,” आईनं हाक मारली. “अर्धा किलो दे. तुह्याच भावानं.”

रात्री भाजी थोडीच झाली, पण आई कुरकुरली नाही. स्वतःच्या मजुरीचा भाव तिला कधीच सांगता आला नव्हता.