शेतीचा तास

नागोराव गुरुजी परभणीकडचे, काळ्या मातीत वाढलेले. शेतीची पदविका घेऊन ते बोईसरजवळच्या एका शाळेत रुजू झाले, तेव्हा बासष्ट साल चालू होतं. शाळेमागं खाडीला लागून पडीक जमीन होती. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन गुरुजींनी तिला बांध घातला, खारं पाणी अडवलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिथं भात उभं केलं.

शेतीच्या तासाला त्यांचा आवाज चढायचा. "गिरणीतला कापूस कुठून येतो? मालगाड्या कशानं भरतात? शहरातला कारकून काय खाऊन कचेरीत जातो? देशाचा सगळा संसार इथून सुरू होतो!" असं म्हणत ते ओंजळभर चिखल उचलून दाखवायचे. मुलं फिदीफिदी हसायची. हंसा तेवढी हसत नसे. किनाऱ्याकडच्या गावात तिच्या बापाची, भगवंतची, वाडी होती. मिरची, वांगी, पावसाळ्यात भात. लावणीला पोरीचा हात असा चालायचा, की गुरुजी घरी जाऊन बायकोला, इंदुबाईंना सांगत, "ही मुलगी शेतकी कॉलेजात गेलीच पाहिजे."

मग समुद्रालगत वीजकेंद्राचं काम निघालं आणि भगवंतची जमीन त्यात गेली.

पुढं दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातली ज्वारी, मिळू लागला; त्याच्या भाकरी थापताना तुटायच्या. गुरुजी वर्गात पोटतिडकीनं सांगत होते, "आपलं अन्न आज बोटीनं येतंय. अशा वेळी देशाला एकेक शेत मोलाचं आहे."

हंसा उभी राहिली. "गुरुजी, मंग आमचं का घेतलं?"

"देशाला वीजसुद्धा लागते, बाळ. विजेवर उद्या शेतातले पंप चालतील."

"आमी पंप कुठं लावायचा?"

गुरुजींनी फळ्याकडं वळून खडू उचलला आणि धड्याचं नाव पुन्हा एकदा लिहिलं.

त्यानंतर हंसा शाळेत आली नाही. दिवाळीची सुटी संपल्यावर गुरुजी सायकल घेऊन तिच्या शोधात निघाले. ती वीजकेंद्राच्या कामाच्या रस्त्यावरच भेटली, डोक्यावर खडीचं घमेलं.

"परीक्षेला तरी बस. फीचं मी बघतो."

"फीचं नाय, गुरुजी. बाबा दिसभर नुसता बसून रेतो. दारात येईल त्याला इचारतो, पेरायची वेळ झाली का." तिनं घमेलं सावरलं. "तुमी शिकवलं ते समदं ध्यानात हाय माझ्या. तेच इसरायला बघते."

"ए लडकी, खड़ी क्यों है?" मुकादम ओरडला. हंसा चालू लागली. गुरुजी तिच्यामागं चार पावलं गेले आणि थांबले. तिला देण्यासारखं त्यांच्यापाशी काहीच उरलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात शाळा समितीनं भाताची ती जमीन कामगारांच्या खोल्यांसाठी द्यायचं ठरवलं. गुरुजींनी घरोघर जाऊन पालकांना विनवलं. पालकांनी त्यांना चहा दिला, मान दिला, आणि एकच सांगितलं, "गुरुजी, पोराला फिटरचं काय शिकवता येईल का, ते बघा." एकही जण त्यांच्या बाजूनं बोलला नाही. ट्रकांनी मुरूम आणून ओतला. बांध तर दिसेनासा झालाच, पण पोरांनी गाळलेल्या घामाचीही कुणाला आठवण राहिली नाही.

हंसाची टोळी ठेकेदारामागं दुसऱ्या कामावर निघून गेली. कुठं, ते भगवंतलाही नीट सांगता येईना.

इंदुबाई म्हणाल्या, "चला, आपल्या मुलखात जाऊ."

"तिथं जाऊन तरी काय शिकवू?" गुरुजी म्हणाले.

ते तिथंच राहिले. शेतीचा तास वेळापत्रकात कायम होता. 'शेती आणि राष्ट्रीय उत्पन्न' हा धडा आला, की ते एखाद्या मुलाला मोठ्यानं वाचायला लावत आणि स्वतः त्या नव्या खोल्या दिसणाऱ्या खिडकीकडं पाठ करून, घंटा होईपर्यंत बसून राहत.