साचा चालू, साचा बंद

गेल्या महिन्यात विजय नगरच्या आमच्या फ्लॅटवर एक मुलगी आली होती. विसरण्याचा आजार झालेल्या माणसांच्या उपचारांबद्दल घरोघरी कोण निर्णय घेतं, यावर ती संशोधन करते. मुलगी गुणी होती. मला विचारून मगच तिनं रेकॉर्डर टेबलावर ठेवला, चहाला नाही म्हणाली नाही, आणि मग म्हणाली, "आंटी, तुमच्या बाबांच्या पायाचं शेवटी कोणी ठरवलं? आईंनी, भावांनी, की डॉक्टरांनी?"

मला रागच आला. तिचा नाही, प्रश्नाचा. आम्हा सगळ्यांना मोजलं तिनं, आणि बाबांना विसरली.

बाबा परदेशीपुऱ्याकडच्या एका कापडमिलमध्ये जॉबर होते. साचे म्हणजे माग. साच्यांच्या एका ओळीवर आणि ते चालवणाऱ्या विणकरांवर जॉबरची नजर असते. साचेखात्यात आवाज इतका, की कानाशी तोंड नेलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलायची. बोट गोल फिरवलं की साचा चालू. तळवा पालथा करून आडवा ओढला की बंद कर. बाबांनी ही बोली घरीही आणली होती. पाळीवरून आले की दारातच थांबायचे, स्वयंपाकघराकडे मान करून भुवया उंचावायचे आणि माझ्याकडे बघत बोट फिरवायचे. म्हणजे आईचा पारा चालू आहे का? मी तळवा आडवा ओढला की निर्धास्त आत यायचे. आईला हे सगळं दिसायचं. कधी कधी तीच आतून बोट फिरवून दाखवायची, की आहे चालू, या आता.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगाही वाजेना. साहेब लोकांनी जॉबरांना बोलावून सांगितलं की मशिनरीची दुरुस्ती आहे, साचे पुन्हा सुरू होतील, आपापल्या लोकांना थांबवून ठेवा. बाबांनी आपल्या ओळीतल्या विणकरांना तसं सांगितलं, स्वतःच्या शब्दावर. ते थांबले. एकाला सुरतेला काम मिळत होतं, तोही गेला नाही. साचे काही सुरू झाले नाहीत. शहर तोवर वेगळ्याच घाईत होतं. टीव्हीवर नवे चॅनल, रस्त्यावर नव्या गाड्या, जिथे तिथे एसटीडी फोनची दुकानं. माझा मोठा भाऊ मिलमध्ये बाबांच्याच हाताखाली बदली कामगार होता, त्यानंही तसलं एक दुकान टाकलं. बाबा मात्र मिलच्या फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. आईला एकदा म्हणाले, "मला फसवलं त्याचं काही नाही गं. त्यांनी माझ्या तोंडून माझ्या लोकांना फसवलं."

विसरणं नेमकं कधी सुरू झालं ते आम्हाला कळलं नाही. शेजारी म्हणायचे, सदमा लगा है, आणि आम्हालाही तसंच वाटायचं. मग एका सकाळी बाबा खाकी कपडे चढवून आईकडे डबा मागू लागले. त्यांच्या डोक्यातली मिल सुरू झाली होती. बंद आहे म्हटलं की त्यांना पहिल्यांदाच कळल्यासारखा धक्का बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. शेवटी दादानं तोड काढली. "बाबा, आज तर छुट्टी आहे ना! कुठे चाललात?" बाबा "अच्छा" म्हणून खाली बसायचे. हळूहळू आमच्या घरात रोजच सुट्टी असायला लागली. मीही शाळेत शिकवायला निघता निघता ते सहज बोलून जायची. आई मात्र तसं एकदाही बोलली नाही. आम्ही सुट्टी म्हटलं की ती उठून आत जायची.

बाबांना साखरेचा आजार जुना होता. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, काळी पडली, आणि तो काळेपणा वर चढायला लागला. ताप भरला तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. सर्जन म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. "इनको कहाँ कुछ समझ आता है," असं म्हणून त्यांनी मनोरुग्ण विभागाकडे पाठवलं. यांना समजत नाही असं तिथून लिहून आलं की मुलाची सही घ्यायची आणि कामाला लागायचं.

दादाची तयारी त्याच्याही पुढची होती. बाबा सुई दिसली तरी हात झाडायचे. "मी सांगतो ना त्यांना," तो म्हणाला, "मिल खुलते आहे, पहले मेडिकल होणार, म्हणून. एकदम चुपचाप येतील ऑपरेशनला."

आणि ते आले असते. भांग पाडून, खाकी शर्टाची वरपर्यंत बटणं लावून आले असते. मला ते चित्र डोळ्यांसमोर दिसलं आणि तरी मी गप्प होते, कारण मला बाबा जिवंत हवे होते. कसेही.

आई म्हणाली, "सुट्टीचं चालवून घेतलं मी. ते रोजचं होतं. पाय त्यांचा आहे. मिलवाल्यांनी केलं ते आपण नाही करायचं."

"आई, ते मरतील!"

"मग तसं सांगू त्यांना."

मनोरुग्ण विभागातल्या डॉक्टरीणबाईंना वाटलं असेल, घरचे भांडतात, सही करून मोकळं व्हावं. त्यांनी तसं केलं नाही. बाबांशी बराच वेळ बोलल्या आणि मग आम्हाला म्हणाल्या, "भूलना अलग बात है, न समझना अलग. सच बताकर पूछिए इनसे. कल फिर पूछिए. जवाब वही रहा, तो वो जवाब इन्हीं का है."

ऐकायला किती सोपं. पण पायाचं काही काढलं की बाबा म्हणायचे, "पाळीवर उभं राहायचंय मला." म्हणजे पायाचं खरं विचारायचं तर आधी मिलचं खरं सांगावं लागणार होतं.

आई त्यांच्या खाटेवर बसली. डॉक्टरीणबाई पायथ्याशी, आम्ही दोघं भिंतीला. "अहो, ऐका," आई म्हणाली, "मिल बंद झाली."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"आणि माझे लोक?"

"गेले जिकडेतिकडे."

बाबा तोंड उघडं टाकून रडले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मिल बंद झाली तेव्हाही ते असे रडले नव्हते. आईनं त्यांना रडू दिलं, तोंड पुसलं, आणि मग पायाचं सांगितलं. कापला तर जगाल असं म्हणतात, नाही कापला तर नाही. बाबांनी विचारलं, "उभं राहता येईल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लाकडी पाय बसवता येतो, पण तुमच्या वयात, या तब्येतीत, कठीण आहे. बाबांनी पायाकडे बघितलं. "नको," ते म्हणाले. "आहे तसा जाऊ द्या मला."

दादा तरातरा बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मजेत होते. सगळं पुसलं गेलं होतं. वॉर्डातल्या नर्सला विचारत होते, डबा आला का घरून. आणि आम्हाला त्यांना पुन्हा सांगायचं होतं. मी आईला म्हटलं, सोड ना, एकदा विचारलं ना, त्यांच्या काळजाला किती वेळा हात घालायचा? एखाद्याचं मत खरं आहे का हे पाहण्यासाठी त्याला पुन्हा रडवायचं, हा कुठला न्याय? आई म्हणाली, "काल नको म्हणाले ते रडण्याच्या भरात असेल, तर? आज हो म्हणाले, तर?" तेव्हा मला कळलं की ते हो म्हणावेत अशी तिचीही आशा होती.

तिनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द. "कधी?" बाबांनी पुन्हा विचारलं. "आणि माझे लोक?" पुन्हा तसेच रडले. पण या वेळी तापानं म्हणा, दमल्यानं म्हणा, पायाचं ऐकल्यावर त्यांना शब्द सापडेनात. ओठ हलले, आवाज नाही. मग त्यांनी हात उचलला, तळवा पालथा केला आणि हळूच आडवा ओढला.

"क्या कह रहे हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईनं तो हात आपल्या हातात घेतला. मी दादाकडे पाहिलं. दादा काहीही सांगू शकला असता. पाणी नको म्हणतात, असंही चाललं असतं. त्या बाईंना कुठे कळणार होतं? ऑपरेशन व्हावं म्हणून भांडणारा तोच होता. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "बोल रहे हैं, साचा बंद करो." आणि हुंदका आवरत तिथेच खाली बसला. त्या क्षणी मला माझ्या भावावर जेवढी माया आली तेवढी पुन्हा कधी आली नाही.

आम्ही बाबांना घरी आणलं. दुखण्याची औषधं होती, जखमेची पट्टी मी बदलायची. वास घरभर असायचा आणि आम्हाला त्याची सवय झाली.

त्या मुलीला मी इथवर सांगितलं. "म्हणजे निर्णय त्यांचाच होता," ती म्हणाली. मी हो म्हणाले. तिनं रेकॉर्डर बंद केला, वाकून नमस्कार केला आणि गेली. शेवटचं मी तिला सांगितलं नाही, कारण त्यात ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत बाबांचं बोलणं थांबलं होतं. एका सकाळी, पूर्वी पहिल्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या सुमाराला, त्यांनी डोळे उघडले. आम्ही तिघं जवळच होतो. त्यांनी आईकडे बघितलं, भुवया उंचावल्या आणि बोट कसंबसं गोल फिरवलं. मी आणि दादानं एकमेकांकडे पाहिलं. सुट्टी आहे म्हणायचं आमच्या ओठांवर आलंच होतं. आता आई उठून आत जाईल, असं मला वाटलं.

ती उठली नाही. तिनं पदरानं हात पुसला, आपलं बोट बाबांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि गोल फिरवलं. बाबांचा हात खाली येईपर्यंत ती ते फिरवत राहिली.