उत्तरपत्रिकेतला ‘ले’

आमच्या वर्गाची एकी, एकी म्हणून कोणी गळा काढला की माझं डोकं फिरतं. एकी कसली डोंबलाची! मेंढरं होतो सगळे.

मॅट्रिकच्या आधीची प्रिलिम. तिच्यात नापास झालं की बोर्डाचा फॉर्म अडायचा, म्हणजे वर्ष गेलं. इतिहासाच्या पेपरला माझ्या पुढच्या बाकावर दोघं होते. एक खाप्याहून रोज एसटीनं येणारा शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा धंतोलीतल्या वकिलाचा चिरंजीव. खाप्याचा बोलायचा तसंच लिहायचा, ‘मले’, ‘तुले’. वकिलाचा त्यावरून वर्षभर त्याची टर उडवायचा. आणि त्या दिवशी मान वाकडी करून त्याच्याच पेपरातून उतरवत होता. मी पाहिलं. आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिलं.

आठवड्यानं सर दोन पेपर घेऊन आले. उत्तर शब्दाला शब्द तेच. दोन्हींत ‘इंग्रजांनी शिपायांले काडतुसं दिली’! शहाण्याला घाईत ‘ला’ करायचंही सुचलं नव्हतं.

“सर, याच्या घरी कोणी ‘ले’ म्हणते काय? यानंच माह्यं पाह्यलं,” खाप्याचा म्हणाला.

“छे, यानंच माझं पाहिलं. याच्याशेजारी बसून बसून मला ‘ले’ लागलं, सर.”

वर्ग खो खो हसला. मीही हसलो. थू!

“कोणी पाहिलं असेल तर सांगा. नाहीतर दोघांनाही शून्य,” सर म्हणाले.

एक तोंड उघडेल तर शपथ. वकिलाच्या पोराची बॅट होती, त्याच्या टीममधली जागा प्रत्येकाला प्यारी. रोज प्रार्थना सांगणारा आमचा मॉनिटर तर खाली मान घालून नखं कुरतडत बसला.

सरांनी मला उभं केलं. “तू मागेच होतास. बोल.”

खाप्याचा वळून बघत होता. “सांग ना गा.”

माझ्या घरी सगळे ‘मले’च म्हणायचे. शाळेत मी ते लपवलं होतं. याची बाजू घेतली तर मीही याच्यातलाच ठरेन, एवढीच माझी भीती.

“मला नाही माहीत, सर,” मी म्हणालो. अगदी शुद्ध.

वकील हेडमास्तरांना भेटून गेले आणि मुलाचा फॉर्म भरला गेला. खाप्याचा अडला. शेवटच्या दिवशी तो फाटकाशी मला म्हणाला, “काहून भ्याला बे? तुह्या मायले बर्डीच्या बाजारात ‘मले’ म्हणताना ऐकलं होतं मी, दिवाळीतच.”

दिवाळीपासून त्याला माहीत होतं. त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.