चिकाच्या रंगाची जर्सी

जानेवारीचा पहिला रविवार, सकाळचे नऊ, सावद्याचं मैदान. हजर: कर्णधार इम्रान, गोलकीपर ललित, खेळाडू, कार्यकारिणीतले चौघे, कार्यवाह म्हणून मी, आणि बोलावलं नसताना आबा. विषय एकच. क्लबला पन्नास वर्षं होत होती, त्यानिमित्त शिरपूरच्या संघाशी सामना ठरला होता आणि त्यात आमच्या पोरांनी जुनी जर्सी घालायची होती. जुनी म्हणजे कोणती, हे ठरत नव्हतं.

आबा कधीच फुटबॉल खेळले नाहीत. ते नुसते बघायचे. केळी भरायचा रिकामा प्लास्टिकचा कॅरेट घरून आणायचे, तो उलटा टाकून त्यावर बसायचे. आमचा संघ नेहमीच्या तपकिरी जर्सीत उतरला की कॅरेट आमच्या बाकामागे. दुसऱ्या कुठल्याही रंगात उतरला की आबा कॅरेट उचलून मैदानाच्या पलीकडे, बाहेरगावच्या लोकांत जाऊन बसायचे. मी क्लबचं काम हाती घेतलं तेव्हा मला वाटलं, उन्हामुळे जागा बदलतात. एकदा मी सावलीची सोय करते म्हटलं, तर आबा म्हणाले, "सावली नको बाई. आज पाहुणी टीम खेळू राहिली, मी पाहुण्यांजोळ बसतो."

मी काम घेतलं त्याच वर्षी आम्ही पर्यायी जर्सी केली होती. जळगावचा एक संघ आमच्यासारख्याच तपकिरी रंगात यायचा, त्यामुळे दुसरा संच लागणारच होता. एका खतविक्रेत्याने पोपटी रंगाच्या जर्सी दिल्या, पाठीवर दुकानाचं नाव. आबांचं मत स्पष्ट होतं. "आपल्या घरी आपण कायले कपडे बदलायचे? त्यायले बदलू द्या." आणि ललितच्या पाठीवर दुकानाचं नाव पाहून, "खताची गोणी गोलात उभी केली का रे?" त्या दिवशी आम्ही जिंकलो. आबा पलीकडच्या बाजूने शांतपणे घरी गेले.

जर्सी तपासायची त्यांची पद्धत मात्र मी उचलली, आजही वापरते. नमुना आला की तो एका गोलपोस्टला टांगायचा आणि दुसऱ्या गोलपोस्टपाशी जाऊन बघायचा. "जर्सी घालणाऱ्यासाठी नसते बाई, पाहणाऱ्यासाठी असते. घालणाऱ्याले ती दिसते कुठी?" कापड हातात चोळून बघणारे आम्ही सगळे त्या दिवसापासून मैदान ओलांडून चालत जाऊ लागलो.

तर त्या रविवारी इम्रानने मोबाईलवर क्लबच्या पहिल्या वर्षीचा फोटो दाखवला. अकरा जण, सगळे पांढऱ्या सुती गंज्यांत. मधोमध त्याचे आजोबा. "जुनीच घालायची तर सगळ्यात जुनी घालू," तो म्हणाला. "आबा, तुमची तपकिरी फोटोत चहा सांडल्यासारखी दिसते."

"चहा तं रोज पितो ना तू?"

"पितो, अंगावर नाही घेत."

सगळे हसले. आबाही हसले, मग म्हणाले, "हा फोटो काढला तव्हा गंज्या नव्या व्हत्या. पुढचं पाह्यलं का कोणी?"

पुढचं असं होतं. ही पोरं सकाळी ट्रकमध्ये केळी भरायची आणि त्याच गंज्यांत संध्याकाळी खेळायची. आबा त्यांच्याबरोबर घड वाहायचे. कापलेल्या दांड्यातून चीक खांद्यावर गळायचा. ओला असताना तो पाण्यासारखा दिसतो, वाळला की तपकिरी पडतो आणि कशानेही निघत नाही. महिन्याभरात सगळ्यांचे डावे खांदे रंगले. घरच्या बायकांनी हात टेकले. शेवटी गावातल्या रंगाऱ्याकडून सगळ्या गंज्या त्याच रंगात बुडवून आणल्या. "डाग लपवला नही आम्ही," आबा म्हणाले. "डागाले मिळता रंग घेतला."

मी मतं घेतली. पांढरी जिंकली. पोरांना ती मनापासून हवी होती, आणि इम्रानला आजोबांच्या वेशात खेळायचं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. आबा कॅरेट उचलून निघाले. इम्रान मागे धावला. "आबा, त्या दिवशी कुठे बसणार?"

"पाहू."

इम्रानचं तोंड उतरलं. तो पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हापासून आबा बाकामागून त्याला शिव्या घालत आले होते. पन्नासाव्या वर्षी ते शिरपूरवाल्यांत बसले असते तर त्याला ते सहन झालं नसतं.

सामन्याच्या दिवशी सुती पांढऱ्या जर्सी घालून पोरं उभी होती. आबा आले, एका हातात कॅरेट, दुसऱ्या हातात घडाचा ताजा कापलेला दांडा. कापलेल्या टोकाला चीक चमकत होता.

ललित मागे सरला. "आबा, नवी हाये! डाग जानार नही!"

"म्हनूनच तं आणला."

माझ्या डोक्यात धुलाईचा खर्च आला. मी काही बोलायच्या आत इम्रान पुढे झाला आणि डावा खांदा त्यांच्यासमोर केला. "लावा."

आबांनी दांडा टेकवला. ओलसर ठिपका उमटला, बस. मग एकामागून एक सगळे आले, शेवटी कुरकुरत ललित. सगळ्यांचं झाल्यावर आबांनी दांडा टाकला, हात धोतराला पुसले आणि कॅरेट आमच्या बाकामागे उलटा केला.

आम्ही एका गोलने हरलो. दुसरा अख्खा हाफ आबा इम्रानला ओरडत होते, "डोये उघड रे भो, तुह्या आज्यानं हा पास डोये मिटून देला असता!" सामना संपल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. मी पाणी दिलं. म्हणाले, "हरलो बाई. पण दिसलो चांगले."

पावसाळ्याआधी आबा गेले. झोपेत गेले, फार त्रास झाला नाही. अंत्ययात्रेला संघ आला होता, तपकिरी जर्सीत.

पांढरा संच दोनदा धुऊन आला. डाग दर वेळी जास्त गडद होतात. संच खराब झाला म्हणून बदलून घ्यावा, असं कार्यकारिणीने ठरवून ते काम माझ्याकडे दिलं. या वर्षीच्या यादीतली बाकीची कामं मी संपवली: गोलच्या जाळ्या, प्रथमोपचाराची पेटी, मैदानावरची आखणी. हे एक राहिलं आहे. जर्सीवाल्याचा फोन येतो, मी पुढच्या आठवड्यात कळवते म्हणून सांगते.