दुसरा फटका

माझा हात लहानपणापासून चटकन उठतो. वडील मला मारायचे, मी धाकट्या भावाला मारायचो, आणि त्याच्या खाली मारायला कुणी नव्हतं म्हणून तो म्हशींशी बोलत बसायचा. वडील जाऊन बारा वर्षं झाली. मी आता पंचेचाळिशीचा, जाफराबादला पंचायत समितीत कारकून. भाऊ चाळिशीचा, टेंभुर्णीतच शेती आणि म्हशी बघतो. आमचं अंगण एक, चूल एक, आणि दोघांच्या मध्ये आई. ही चूल आता राहते की मोडते अशी वेळ आली ती एका लोखंडी डब्यापायी. डब्यापायी म्हणणंही खोटंच, माझ्या हातापायी आली.

मला हौशी रेडिओचा नाद आहे. रीतसर परीक्षा देऊन सरकारी परवाना काढलाय. छपरावर तार बांधून मी घरातूनच पार आसाम-केरळातल्या माणसांशी बोलतो. गावातली माणसं विचारतात, मोबाईल असताना हे कशाला? मी म्हणतो, तुझ्या मोबाईलला टॉवर लागतो, मला नाही लागत. तो मान हलवतो, पण पटलेलं नसतं.

या रेडिओला घरातली दोनशेतीस व्होल्टची वीज चालत नाही. त्याला लागते पावणेचौदा व्होल्टची, एकसारखी, थरथर नसलेली. तसा पुरवठा करणारा डबा तयार मिळतो, पण विकत आणला तर हौस कसली? जुन्या जालन्यात मोटारी भरून देणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून एका मेलेल्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर नव्या तारेनं भरून आणला. बिघडलेल्या इन्व्हर्टरचं लोखंडी खोकं घेतलं. त्यात चहाच्या ग्लासाएवढे कपॅसिटर बसवले, ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर चार ट्रान्झिस्टर आवळले. आणि सगळ्यात मेहनत केली ती अर्थिंगवर. घराच्या मागं पुरुषभर खड्डा खणला, त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि खडेमीठ भरलं, वरून रोज एक बादली पाणी. पाइपापासून जाड तार भिंतीच्या कडेकडेनं माझ्या खोलीत आणून खोक्याला आणि रेडिओला जोडली. असली अर्थिंग आख्ख्या टेंभुर्णीत नव्हती, आणि हे मी सगळ्यांना सांगत होतो. तिथंच चुकलं.

डबा सुरू केला आणि रेडिओत घरघर आली. मी बोलायला लागलो की पलीकडचे म्हणायचे, तुमच्या मागं पिठाची गिरणी आहे का? आणि ही घरघर सकाळीच, ती पण रोज नाही. मी आधी कारागिरावर घसरलो. जालन्याला जाऊन त्याच्या दुकानासमोर गिऱ्हाइकांदेखत ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माझी भराई बराबर हाय. तुमी दुसरीकडं बघा." नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यानं तोंडानं म्हटलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर ते होतं.

पंधरा दिवस मी तो डबा खोलत होतो आणि जोडत होतो. बायको जेवायला हाक मारायची ती आधी दारातून डोकावून, माझा चेहरा बघून. एका रविवारी सकाळी रागाच्या भरात मी नवा कपॅसिटर उलटा जोडला. अधिक-उणे उलटं झालं की तो फुगतो आणि फुटतो, हे मला पाठ आहे. तरी जोडला, आणि बटण दाबलं. बंदुकीसारखा बार झाला. त्याचं ॲल्युमिनियमचं टोपण माझ्या कानाजवळून जाऊन छताच्या पत्र्यावर आदळलं, खोलीभर कागदाचे ओले कपटे आणि जळका वास. आई बाहेरून किंचाळली. मी तसाच अंगणात आलो.

भाऊ ओट्यावर चहा पीत होता. त्याची बायको शेजारी भाजी निवडत होती. माझ्या केसांत अडकलेले कपटे बघून त्याला हसू आवरेना.

"दादा, आख्खं गाव खिशातून बोलून राह्यलं. आन तू घरात बाँब फोडून राह्यला."

मी त्याच्या थोबाडीत दिली. पूर्ण हातानं. चहाचा कप ओट्यावरून खाली गेला. चाळीस वर्षांचा बाप्या, त्याच्या बायकोसमोर, आईसमोर, आणि कुंपणापलीकडं उभ्या असलेल्या शेजाऱ्यांसमोर. चूक माझी होती हे मला हात उचलतानाही माहीत होतं. त्यानं गालाला हात लावला, कपाचे तुकडे वेचले आणि म्हशींकडं गेला. संध्याकाळी आईला एवढंच म्हणाला, "माय, वाटणी करून दे. मला न्हाई राह्यचं आता ह्याच्यासंगं."

आई माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी बोलेन म्हणून. दोन शब्द पुरले असते. माझ्या तोंडून ते निघाले नाहीत. उलट मनात म्हटलं, कर वाटणी, बघू किती दिवस तग धरतोस. आठवडाभर त्या अंगणात आम्ही एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहिलो नाही.

त्याच आठवड्यात परभणीचा एक जुना रेडिओवाला माझी घरघर ऐकून म्हणाला, डबा सोडा, अर्थिंगचा सांधा बघा. पुढच्या रविवारी, नऊच्या सुमाराला, वीज गेलेली होती. म्हटलं आताच बघून घेऊ. मी अनवाणी मागं गेलो. खड्ड्यात रोजच्यासारखी बादली ओतली, चिखलात उकिडवा बसलो, पान्यानं नट सोडला आणि तार पाइपापासून मोकळी केली. उजव्या हातात तारेचं टोक, डाव्या हातानं पाइप धरलेला. तार घासायला काचपेपर कुठं ठेवला ते बघत होतो.

आणि वीज आली.

शॉक बसला असं म्हणतात, पण तो बसत नाही, तो धरतो. उजवी मूठ तारेवर आवळली गेली आणि मी सोड म्हटलं तरी सोडेना. छातीत कुणीतरी आतून बुक्क्या मारत होतं. जबडा दाताला दात लावून बसला, जिभेचा कडेचा तुकडा त्यात सापडला, तोंडात रक्त आलं. ओरडायला श्वासच नव्हता. डोळे उघडे होते आणि सगळं दिसत होतं. कडब्याची गंजी, भिंत, भिंतीवरचा सरडा. मी मरतोय हे मला अगदी साफ कळत होतं, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला होता, की माझ्याच खड्ड्यात.

मग भाऊ दिसला. तो गंजीला वळसा घालून आला, क्षणभर थांबला, आणि गंजीला टेकवलेलं बाभळीचं वाळलं दांडकं उचललं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, वाळल्या लाकडानं मारून सोडवायचं. त्यानं दोन्ही हातांनी दांडकं डोक्यावर नेलं आणि माझ्या उजव्या मनगटाच्या वर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तार सुटली. मी चिखलात उताणा पडलो, श्वास आत आला, आणि मला कळलं की वाचलो.

तेवढ्यात दांडकं पुन्हा वर गेलं. खाली पडलेल्या त्याच हातावर, बोटांवर, पहिल्यापेक्षा जोरात.

नंतर त्यानं दांडकं लांब फेकलं आणि गोठ्याकडं धावत जाऊन बटण बंद केलं.

लोक जमले. भावानं भावाला वाचवलं, हे दुपारपर्यंत गावभर झालं. चावडीवर म्हातारे म्हणाले, रक्ताचं नातं हे असं असतं, तरी आठ दिवस आधीच ह्यानं त्याला मारलं होतं म्हणे. मला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, मनगटाच्या वर एक आणि बोटांची दोन हाडं, एका फटक्यात दोन ठिकाणी कशी मोडली? भाऊ माझ्या शेजारीच उभा होता, माझी चप्पल हातात घेऊन. मी म्हटलं, पडलो त्यात मोडली असतील. भाऊ जमिनीकडं बघत राहिला.

हात गळ्यात घेऊन घरी आलो आणि तारेत वीज कुठून आली ते बघायला आधी मागं गेलो. कडब्याच्या चार पेंढ्या पायानं बाजूला केल्या. माझ्या जाड तारेला भिंतीच्या बुडाशी एक काळी वायर पीळ घालून बांधलेली होती, ती सरळ भावाच्या गोठ्यातल्या पाण्याच्या मोटरीकडं जात होती. मोटरीला दोन तारा लागतात, एक येणारी आणि एक परतीची. गल्लीत परतीची तार धड नसली की आमच्याकडं लोक जमिनीत सळई ठोकतात आणि ते काम मातीकडून करून घेतात. घरात इतकी झकास अर्थिंग आयती असताना भाऊ सळई कशाला ठोकेल? घरघर म्हणजे त्याची मोटर होती. वीज गेली तरी तिचं बटण चालूच असायचं, सगळ्यांचंच असतं, आली की पाणी आपोआप सुरू. त्या दिवशी वीज आली, मोटरीतून माझ्या तारेत शिरली, आणि खड्ड्यात उतरायची तिची वाट मी पान्यानं तोडून ठेवली होती. त्या दोन टोकांच्या मध्ये मी बसलो होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. मारलं यानं, वाचवलं यानं, आणि गावभर कौतुकही याचंच! मी महिनाभर ते पोटात ठेवलं. प्लास्टर निघालं तेव्हा मधली दोन बोटं वळेनात. सोल्डरिंगचं पेन धरता येईना, रेडिओचं बटण डाव्या हातानं फिरवायला लागलो. त्या दिवशी संध्याकाळी मी गोठ्यात गेलो. तो धार काढत होता. त्याच्या पुढ्यात उकिडवा बसलो.

"तार कुणी बांधल्ती?"

"म्या." त्यानं वर पाहिलं नाही. "तुझी अर्थिंग चांगली हाय म्हून बांधल्ती. तू खोलशील हे न्हाई आलं ध्यानात. त्या दिशी मोटर का चालंना म्हून पाह्यला आल्तो, तं तू चिकटलेला."

"पहिल्या फटक्यातच सुटल्तो मी."

"हाव."

"मंग दुसरा?"

धारेचा आवाज थांबला. म्हैस शेपटी हलवत होती. तो म्हणाला, "पयला तुला सोडवाया घातला. दुसरा माझा व्हता. तिसरा बी येऊन राह्यल्ता, दादा. म्हून दांडकं फेकून देलं."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल, घाईत झालं म्हणेल, आणि मग मला त्याला हवं ते बोलता येईल. मी तयारीनंच आलो होतो. त्याच्या खरं बोलण्यानं माझी सगळी तयारी वाया गेली. माझ्या मानेवर माशी बसली होती, ती हाकलायला मी डावा हात उचलला. भावानं दोन्ही डोळे मिटले आणि कोपर तोंडावर घेतला. चरवी कलंडली, दूध शेणात गेलं.

मी हात तसाच हवेत धरून बसलो. मग हळूच खाली घेतला. लाज वाटली, इतकी की त्याच्याकडं बघवेना.

"वाटणी कर," मी म्हणालो. "उद्या गवंडी बोलावतो. अंगणात भिंत घालू."

त्यानं कोपर खाली घेतला, चरवी सरळ केली, तिच्या तळाशी उरलेलं दूध बघितलं.

"भिंतीचा खर्चा कशाला?" तो म्हणाला. "मायला न्हाई सोसायची. तू फकस्त हात पुरणार न्हाई इतका लांब बस माझ्यापून."

मी उठलो, चार पावलं मागं सरलो आणि दावणीच्या खांबापाशी जाऊन बसलो. त्यानं अंतर नजरेनं मोजलं आणि पुन्हा धार काढायला घेतली.