कचोरीनं मोडलेली चतुर्थी

परीक्षेत मी आजवर कधी नापास झाले नव्हते आणि नवव्या महिन्यात तर मुळीच व्हायचं नव्हतं. जयपूरच्या त्या दवाखान्यात नर्सनं माझ्या पोटाला दोन पट्टे बांधले आणि हातात बटण दिलं. बाळ हललं की दाबायचं, एवढंच. शेजारचं यंत्र बाळाचे ठोके कागदाच्या पट्टीवर काढत होतं. बाळ ढिम्म. दहा मिनिटं वाट पाहिली, मग मी सरळ कॉपी केली. काहीही हललेलं नसताना टकाटक बटण दाबत सुटले.

नर्सनं पट्टी बघितली. "मॅडमजी, बच्चा इतना नाचा और धड़कन को पता ही नहीं चला?" मी लाजून अर्धी झाले. मग तिनं विचारलं, सकाळी काय खाल्लं?

तिथंच, सोबत आलेल्या सासूबाईंसमोर, बिंग फुटलं. त्या दिवशी संकष्टी. सासूबाईंनी बजावलं होतं, "तुझ्या वाटचा उपास मी करते, तू पोहे खा." मी मात्र बाळ सुखरूप यावं म्हणून चोरून निर्जळी धरली होती आणि पोहे परत कढईत ढकलले होते.

नर्स म्हणाली, खाऊन या, पुन्हा बघू. तरी असंच आलं तर डॉक्टर आजच भरती करतील. पण बाहेर बाकावर मी हटून बसले. चंद्राआधी उपास मोडला आणि बाळाला काही झालं तर?

सासूबाई समोरच्या दुकानातून दोन कचोऱ्या घेऊन आल्या, त्याही कांद्याच्या. तीस वर्षांत या बाईनं एक चतुर्थी चुकवली नव्हती. एक तुकडा तोडून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

"घे, मोडला. बाप्पा रागावला तर आधी माझ्यावर रागावेल. खा आता मुकाट्यानं."

उरलेलं सगळं मी खाल्लं. वर जिलबी.

मग पुन्हा पट्टे बांधले, तर बाळानं असा काही धिंगाणा घातला की बटण दाबून अंगठा दुखायला लागला. मला हसू आवरेना, हसले की पोट हले, पोट हललं की नर्स ओरडे, "हँसो मत, पट्टी बिगड़ती है." सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्याच पदरानं डोळे पुसत होत्या.

पट्टी छान आली. घरी आल्या आल्या त्यांनी ती फाइलमधून काढली, देवघरात गणपतीपुढे उलगडून ठेवली आणि हात जोडले.

"बघून घे," त्या म्हणाल्या, "कशासाठी मोडला ते."