धुऱ्याकडची जागा

बोलता बोलता मॅडमच्या हातातला पेन खाली पडायचा. पेशंटने वाकून तो उचलून दिला की त्या म्हणायच्या, "वाकता येते न बाई तुमाले! मंग?" सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या, म्हणजे व्यायामाच्या खोलीत तो पेन रोजच पडायचा. तुम्ही बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसला असता, तर तुमच्याही हे लक्षात आलं असतं.

माझ्या आईने तो उचलला नाही. पायाच्या अंगठ्याने माझ्याकडे सरकवला. आमच्या घरी पेनाला पाय लावत नाहीत, कारण शिकणारी मी पहिलीच आहे. तरी तिने लावला, इतकी ती वाकायला भीत होती.

मी गडचिरोलीला कॉलेजात शिकते. आईची कंबर काही वर्षांपासून दुखत होती. कुणीतरी एक्स-रे पाहून सांगितलं होतं, "मणक्यात गॅप आहे, वाकू नका." तेव्हापासून तो एक्स-रे देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगलेला होता. पाहुणे आले की बाबा तो उजेडात धरायचे. पाहुणा बोट ठेवून म्हणायचा, "हो, हे पाहा ना गॅप." आणि आई कमरेचा पट्टा आणखी आवळायची.

मॅडमनी एक्स-रे पाहिला. पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, सगळं विचारलं, नीट तपासलं. मग आईपेक्षा बुटक्या स्टुलावर बसल्या. त्या माजरीच्या, खाणकामगाराची लेक. बोली आमच्यासारखीच.

"गॅप भरन का मॅडम?" आईने विचारलं.

"माह्ये पांढरे केस दिसते न बाई? वयानं होते तसं. लय लोकाईच्या फोटोत असते, अन् त्याईची कंबर दुखत बी नाई."

"म्हंजे मी नाटक करून राह्यली?"

"नाई. दुखते ते खरंच हाय. पण दुखते म्हंजे आत काई तुटून राह्यलं असं नाई." मग त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "आता सांगा, काय कराचं राह्यलं तुमचं?"

आईने कमरेचा पट्टा चाचपला. मग म्हणाली, "रोवणं."

धानाचं रोवणं तुम्ही पाहिलं असेल. चिखलात बायांची एक रांग उतरते आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत रोवत सगळ्या एकदम मागे सरकतात.

"दुखण्याचं काई नाई मॅडम," आई म्हणाली. "पण मधातच अडली तं साऱ्याजणी खोळंबतीन. मंग काय तोंड दाखवू त्याईले?"

हे तिने मलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी जमिनीवर पडून करायचे व्यायाम शिकवले. आईने ते केले नाहीत. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा म्हणाली, "भर दिवसा लोळून पाय वर कराचे? लोकं काय म्हणतीन?"

मॅडम मोठ्याने हसल्या. "चुकलंच माह्यं. हे इथी चालते, तुमच्या अंगणात नाई चालत." मग त्यांनी नवीनच काढलं. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, काड्या घ्यायच्या, वाकून एकेक ठेवत अंगणभर मागे सरकायचं. आज थोडं, उद्या जरा जास्त. "दुखलं तं उभ्या राहा, श्वास घ्या, पुन्हा लागा. दुखलं म्हणून खाटेवर नोका जाऊ."

सोबत आलेल्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, त्याईच्या हातातली बादली घेत नोका जाऊ."

बाबांना राग आला. "आमी तं मायेनं करतो."

"माहीत हाय. पण तुमी बादली घेतली का त्याईले वाटते, आपण मोडलेलोच हाओ."

घरी आल्यावर बाबांनी एक्स-रे खिळ्यावरून काढला आणि पेटीत कपड्यांखाली ठेवला.

उन्हाळ्यात एका रविवारी मॅडम एसटीने आमच्या गावी आल्या. आईच्या रांगेतल्या बायांना बोलावलं, चहा झाला. मॅडमनी विचारलं, "हिले धुऱ्याकडची जागा द्यान का? बांधाला लागून राहीन. वाटलं तं उभी राहीन, तुमी चालत राहा."

रांगेतली सगळ्यात मोठी बाई आईकडे बघतच राहिली. "एवढंच? काऊन नाई सांगतलं वं? आमाले वाटलं, तुले आमच्यासंगं याचंच नाई."

"अन् मले वाटलं, मीच तुमाले नोको," आई म्हणाली.

मॅडमनी चहाचा दुसरा कप मागून घेतला.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही दवाखान्यात गेलो तर खोलीला कुलूप. मॅडम कंत्राटावर होत्या, ते संपलं होतं. त्या कुठे गेल्या, कुणाला नीट सांगता येईना. आई बाकावर थोडी बसली. मग म्हणाली, "चाल. तणस भिजून राह्यलं असन."

रोवण्याच्या दिवशी मी कॉलेज बुडवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होते. आई कडेला उतरली. अर्धी बांधी, म्हणजे धानाचा तुकडा, रोवून झाल्यावर ती सरळ झाली आणि कमरेवर हात ठेवला. रांग मागे सरकत राहिली, कुणी वळून पाहिलं नाही. तिला धरायला माझा पाय मात्र चिखलात गेला.

"राहू दे तिथीच," आई ओरडली. "कंबर दुखून राह्यली, अन् मी रोवून राह्यली."

मॅडमना हे कुठे कळवावं, मला समजत नाही. म्हणून इथे लिहिलं. आईच्या हातातली पऱ्ह्याची पेंडी पाण्यात पडली होती. मी धुऱ्यावरच थांबले. तिने एकदा श्वास घेतला, आणि वाकून ती उचलली.